शेजारच्याशी ताडून

टाकळवाडीच्या फाट्यावर पहिला मार पडला तो पंजाबरावाला. त्याला मारणारे एका हाताने कापसाच्या पऱ्हाटीच्या वाळल्या काड्या चालवत होते आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं अंग खाजवत होते.

त्या वर्षी साऱ्या गावालाच खाज सुटली होती. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, खामगावच्या जिनिंग कारखान्यांना कुलपं लागली, खरेदी थांबली आणि विकायचा राहिलेला कापूस घराघरांत आढ्याला टेकला. कापूस घरात आणि माणसं अंगणात, अशी उलटी तऱ्हा. साठवलेल्या कापसात बारीक कीड होते, ती अंगावर चढते आणि लालभडक पुरळ उठतं. पंजाबराव शेजारच्या गावचा. जालन्याकडे एका कापसाच्या गोदामात राखणीला होता, तिथेच कापसावर झोपायचा. तिघा सोबत्यांबरोबर पायी घरी निघाला होता. त्याच्या मानेवर अगदी तेच पुरळ होतं. पण माणसाला स्वतःच्या अंगावरचं पुरळ खाज वाटते आणि दुसऱ्याच्या अंगावरचं रोग वाटतो.

त्याला फाट्यावरच्या तपासणीच्या ओळीतून बाहेर काढलं ते रंगराव मिस्त्रीने. रंगराव खामगावच्या एका जिनिंगमध्ये फिटर. जिनिंगला आगीची भीती फार. एखादं बेअरिंग तापलं, ठिणगी उडाली, की कापसाच्या गंजीच्या गंजी खाक होतात. म्हणून मालकाने उष्णता दाखवणारा कॅमेरा घेतला होता. पिस्तुलासारखा हातात धरायचा, खटका दाबायचा. मागच्या छोट्या पडद्यावर थंड ते निळं, गरम ते पिवळं आणि फार गरम ते पांढरं. जिनिंग बंद पडली तेव्हा महागाची वस्तू चोरीला जाऊ नये म्हणून मालकाने ती रंगरावजवळ घरी ठेवायला दिली. मग गावात बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो!

सगळ्यांत आधी हिंमतराव धावत आला. हिंमतराव म्हणजे गावचा बियाणेवाला आणि आता रोगापासून गाव राखणाऱ्या समितीचा प्रमुख. याच हिंमतरावाच्या दुकानाचं शटर दिवाळीत लोकांनी लाथा घालून चेमटवलं होतं. त्याने बीटीची पाकिटं विकताना अळीचं नाव काढू नका म्हणून छातीठोक सांगितलं होतं, आणि बोंड फोडावं तर आत गुलाबी अळ्या वळवळत होत्या. आधी अळी, मग पडलेला भाव, मग टाळेबंदी. गाव आतून धुमसत होतं. त्या रागाला कोणाची तरी पाठ हवी होती. ती फाट्यावर मिळत होती तोवर दुकानाकडे कोणी बघणार नाही, एवढं हिंमतरावाला पक्कं कळलं होतं. रस्त्यावर बाभळीचे काटे आणि एक आडवी बैलगाडी टाकून त्याने नाका उभारला. निंबाच्या सावलीत ओलं गोणपाट बांधलं, म्हणजे मागचं ऊन पडद्यावर येत नाही. येणाऱ्याने त्या गोणपाटापुढे उभं राहायचं.

आता खरी गोम अशी, की तो कॅमेरा ताप मोजायचा नव्हताच. दोन-तीन अंशांची चूक त्याला माफ होती, बेअरिंगला तेवढ्याने काही होत नाही. म्हणून रंगरावने जिनिंगचीच रीत लावली. आकडा बघायचा नाही, शेजारच्याशी ताडून बघायचं. सारखं काम करणाऱ्या दोन बेअरिंगांत एक जास्त तापलेलं दिसलं, की ते खराब. यंत्राला ही रीत चालते. माणसांच्या ओळीत मात्र कोणी ना कोणी सगळ्यांत गरम निघणारच, मग सगळे ठणठणीत का असेनात. एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली नाही. तिथे दुसरंच काही शिरलं होतं. सारा जन्म ग्रीसमध्ये हात बरबटवलेल्या माणसाला गाव पहिल्यांदा वाट करून देत होतं, खुर्ची देत होतं, "काय मिस्त्री, कोन?" म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत होतं.

"हा," रंगराव म्हणाला आणि पंजाबरावाकडे बोट केलं.

बोट केल्यावर काय होतं ते त्याने त्या दिवशी पाहिलं. पंजाबराव हात जोडून "कापसाची खाज हाय बापा, कापसाची" म्हणत होता. पहिली काडी त्याच्या जोडलेल्या बोटांवर बसली. मग पाठीवर, मग पोटऱ्यांवर. तो पळायला लागला तेव्हा कोणीतरी त्याचं उपरणं मागून ओढलं, तो तोंडावर आपटला आणि पुढचे दात डांबरावर सांडले. सोबती त्याला तिथेच टाकून वावरातून पळाले. त्याला ओढत शाळेच्या खोलीत कोंडलं. रंगरावने गंमत म्हणून खिडकीतून कॅमेरा लावला. सदरा फाटलेल्या त्या पाठीवर एकेक वळ पांढरा पेटलेला दिसत होता. किती मारलं ते मोजता आलं असतं. त्याने कॅमेरा पटकन खाली घेतला. पण लोकांनी पाठीवर थाप मारली, आणि तो ते वळ विसरून गेला.

घरी सरस्वतीबाईने, त्याच्या बायकोने, भाकर वाढली आणि तिथेच बसून राहिली.

"रगत येत होतं त्याच्या तोंडातून. तुमी एक बोट दाखवलं अन् मानसं तुटून पडले."

"मी मारलं का वं? मी फकस्त मशीन धरली."

"अन् उद्या आपला जीवन आला मंग? त्याले बी बोट दाखवसान?"

"मशीनले नातं समजत नाही," रंगराव म्हणाला. हे वाक्य त्याला इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवशी त्याने ते फाट्यावरही ऐकवलं. लोकांनी माना डोलावल्या.

जीवन त्यांचा एकुलता एक मुलगा. औरंगाबादला एका कंपनीत होता. कंपनी बंद, खानावळ बंद, खोलीवाला दारात उभा. एके दिवशी दुपारी त्याचा फोन आला. तो पायीच निघाला होता, आणि जालन्याच्या पुढे उन्हात चालताना त्याला फहीमचा टेंपो भेटला होता. फहीम म्हणजे गावातल्या रहेमतुल्ला पिंजाऱ्याचा मुलगा. टरबुजं घालायला पास काढून जालन्याला गेला होता. रस्त्याने चाललेली ओळखीची पाठ बघून त्याने ब्रेक मारला. त्या दिवसांत लोक सख्ख्या भावालाही गाडीत घेत नव्हते.

"आई, सांजच्या आत घरी येतो," जीवन म्हणाला. सरस्वतीबाई फोन छातीशी धरून रडली. रंगराव नाक्याकडे निघाला. आजवर त्याने ज्यांच्याकडे बोट केलं होतं, त्यांत त्याचं कोणीच नव्हतं. आता त्याला भीती वाटत होती, आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती.

नाक्यावर म्हातारा रहेमतुल्ला आधीच येऊन उभा होता. याच म्हाताऱ्याने रंगरावच्या लग्नातली गादी भरली होती आणि जीवनच्या बारशाचं दुपटंही. रमजान चालू होता, म्हाताऱ्याचे ओठ सुकले होते. रंगराव दिसला तसा तो म्हणाला, "दोघं बी सोबत येऊन राह्यले रे. अल्लाची मेहरबानी." मागून सरस्वतीबाईही तांब्या घेऊन आली आणि काट्यांच्या अलीकडे उभी राहिली.

ऊन कलल्यावर टेंपो दिसला. पण तो नाक्यापर्यंत आला नाही. थोड्या अंतरावर हापसा होता, तिथे थांबला. असरच्या नमाजाची वेळ होती. फहीम उतरला. त्याने हापसा मारून हात धुतले, चूळ भरली, तोंडावर पाणी घेतलं, कोपरापर्यंत हात भिजवले, डोक्यावरून ओला हात फिरवला, पाय धुतले. मग ताडपत्री अंथरून नमाज पढला. नाक्यावरच्या सगळ्यांनी हे पाहिलं. रंगरावनेही पाहिलं. रहेमतुल्लाला असंच वजू करताना बघत तो लहानाचा मोठा झाला होता. तोवर जीवन केबिनमध्येच बसून होता. बाजूच्या सीटवर दोर आणि रिकामे क्रेट रचलेले, म्हणून तो जालन्यापासून इंजिनाच्या तापल्या झाकणावर बसून आला होता.

दोघं हसत हसत नाक्यावर आले. जीवनने काट्यांवरून आईकडे पाहून हात हलवला. हिंमतराव म्हणाला, "आधी मशीन. मशीनले नातं समजत नाही, काय मिस्त्री?"

लोक हसले. दोघं गोणपाटापुढे शेजारी शेजारी उभे राहिले. रंगरावने खटका दाबला आणि पडद्यावर चित्र थिजलं.

डावीकडचा चेहरा पांढराफेक होता. उजवीकडचा निळा. या फाट्यावर दोन माणसांत इतका फरक त्याने एकदाही पाहिला नव्हता. डावीकडे जीवन उभा होता.

आपल्या पोराला ताप आहे. दुसरा विचारच त्याच्या मनात आला नाही, त्या रीतीवर त्याचा इतका विश्वास बसला होता. त्याला डांबरावर पडलेले दात दिसले. काड्या हातात घेऊन उभी असलेली, मान खाजवणारी माणसं दिसली. आज तर दोघा-तिघांच्या हातांत बैलगाडीतून उपसलेल्या जाड दांड्यांच्या उभाऱ्याही होत्या.

"काय मिस्त्री, कोन?" हिंमतरावाने विचारलं.

"फहीम," रंगराव म्हणाला.

हिंमतरावाने वाकून पडद्याकडे पाहिलं. "पन हा तं निळा दिसून राह्यला."

"तेच सांगून राह्यलो. जित्ता मानूस इतका थंडा असते का? तोंडावर पानी मारून आला तो. ताप दाबला. आत्ता हापशावर मारलं न, सगळ्यायनं पाह्यलं."

सगळ्यांनी पाहिलंच होतं. त्या महिन्यात मोबाइलवर मुसलमानांबद्दल काय काय फिरत होतं, तेही सगळ्यांनी पाहिलं होतं. मिस्त्रीने फक्त दोन्हीला गाठ मारून दिली.

"अरे वजू केली त्यानं, वजू!" रहेमतुल्ला काट्यांत शिरत ओरडला. त्याचा पायजमा फाटला, नडगीतून रक्त आलं. "रंगराव, तुले तं मालूम हाय! तू सांग न याह्यले!"

रंगरावने मान वर केली नाही.

"चाचा, रोजा हाय माहा..." फहीम एवढंच बोलू शकला. पहिली उभारी त्याच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज नाक्यावर सगळ्यांना ऐकू आला. तो गुडघ्यांवर बसला तशी बरगडीत लाथ बसली. मग माणसं अशी तुटून पडली, की कोण कुठे मारतंय ते त्यांनाही कळेना. पऱ्हाटीच्या काड्या मोडून त्याच्या केसांत अडकल्या. एक जण दात-ओठ खात "अळी! अळी!" म्हणत मारत होता. त्याला नक्की काय म्हणायचं होतं ते त्यालाच ठाऊक.

जीवन मधे घुसला. त्याच्या तोंडावर कोपर बसलं, ओठ फुटला. चौघांनी त्याला मागे ओढून गाडीच्या चाकाशी दाबून धरलं. "तू सुटला न बे? मंग गप राह्य!" त्याने एकाच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, सुटला, आणि फहीमकडे न जाता थेट बापाकडे आला. त्याने कॅमेरा हिसकला. पडद्यावर चित्र तसंच थिजलेलं होतं. दोन चेहरे, त्यातला पांढरा कोणाचा ते लहान पोरालाही कळलं असतं.

जीवनने एकदा बापाच्या तोंडाकडे पाहिलं. मग तो कॅमेरा डोक्यावर धरून गर्दीवर ओरडला.

"गरम मी आहो! पाहा रे, हे पाहा! मी आहो गरम! मले मारा, त्याले सोडा!"

उभाऱ्या थांबल्या. फहीम खाली घरघरत होता, पण डोळे उघडे होते, दोन्ही. हिंमतराव पुढे आला. "मिस्त्री? हा पोरगा काय म्हनून राह्यला? खरं हाय का?"

सारं गाव रंगरावकडे बघत होतं. एक हो म्हटलं असतं तर फहीम सुटला असता. पण त्या उभाऱ्या मग कोणाकडे वळल्या असत्या? रंगरावला आपल्या पोराची माया आली, आणि मायेपोटी माणूस किती नीच होऊ शकतो ते त्या नाक्यावर दिसलं.

"त्याले काय समजते मशीनमधलं," तो म्हणाला. "उलटी धरली त्यानं."

फहीमचा डावा डोळा गेला तो यानंतर. उभारीचं टोक होतं. त्याने हात वर केला होता, पण मोडक्या खांद्याचा हात पुरेसा वर गेला नाही.

आणखीही मारलं असतं. पण सरस्वतीबाईने तांब्या फेकला, काटे तुडवत ती आत आली आणि फहीमच्या अंगावर पालथी पडली. खाली येणारी उभारी तिच्या पाठीत बसली. बाईचा आवाज ऐकून मारणारा भानावर आला, आणि मग एकेक जण हातातली काडी टाकून मागे सरला. काहींनी तेवढ्यातही अंग खाजवलं.

जीवन आणि रहेमतुल्लाने फहीमला उचलून टेंपोत घातलं. म्हाताऱ्याने डोक्याचं फडकं सोडून मुलाच्या डोळ्यावर दाबलं, ते लगेच भिजलं. जीवनने टेंपो वळवला आणि ज्या रस्त्याने आला होता त्याच रस्त्याने गेला.

दवाखान्यात दोघांचीही तपासणी झाली. रोग कोणालाच नव्हता. जीवनला तापही नव्हता. त्याच्या कपाळावर होतं ते मे महिन्याचं ऊन आणि इंजिनाची धग. शेजारी ओल्या तोंडाचा माणूस नसता, तर तो चारचौघांसारखाच दिसला असता. ही खबर रंगरावला हिंमतरावाकडून कळली. तो ओसरीवर खाली बसला, आणि दिवे लागले तरी उठला नाही. म्हणजे खोटं बोलायची गरजच नव्हती. दोघंही चांगले होते, दोघांनाही आत सोडता आलं असतं. हा विचार एकदा आला तो मग गेलाच नाही.

पोलीस आले. मारलं कोणी ते कोणीच पाहिलं नव्हतं. रहेमतुल्लाने कापूस पिंजायची पिंजण गाडीवर चढवली आणि बिऱ्हाड बीबी गावी लेकीकडे नेलं. एका डोळ्याने फहीमला टेंपो चालवता येईना, तेव्हा जीवन त्याचा टेंपो चालवू लागला. तोही तिकडेच राहतो, असं सरस्वतीबाईला कळलं. ती अधूनमधून बीबीच्या बाजाराला जाऊन त्याला भेटून येई. नवऱ्याला त्यातलं काही सांगत नसे. त्याचं ताट मात्र वाढत असे.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली आणि रंगराव कॅमेरा घेऊन खामगावला गेला. तोवर नियम आला होता, की कापूस घेऊन येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला फाटकावर तपासल्याशिवाय आत सोडायचं नाही. मालक म्हणाला, "तुमाले तं सवय हाय मिस्त्री. तुमीच उभं राहा." रंगराव नको म्हणाला. मालकाने ऐकलं नाही.

थंडीच्या दिवसांतली सकाळ होती. फाटकावर गाड्यांची रांग लागली होती. रांगेत तो टेंपो उभा होता, आणि रंगरावला तो लांबूनच ओळखू आला. कापसाने भरलेला, वर ताडपत्री. चालवायला जीवन, त्याच्या डाव्या हाताला फहीम.

जीवन उतरला. बापाकडे न बघता तो फाटकाजवळच्या नळावर गेला. आधी हात धुतले. मग ओंजळीने तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं, कपाळ चोळून चोळून धुतलं. पाणी इतकं गार होतं, की रांगेतले ड्रायव्हर "काऊन बे, थंडी वाजत नाही का?" म्हणून हसले. तो हसला नाही. तोंड न पुसता तो रंगरावसमोर येऊन उभा राहिला. हनुवटीवरून पाणी टपकत होतं.

"तपासा, मिस्त्री," तो म्हणाला.

बाबा नव्हे, मिस्त्री. रंगरावने खटका दाबला. पडद्यावर आपल्या मुलाचा चेहरा निळा दिसला. कपाळ, गाल, हनुवटी, सगळं निळं.

"काय हाय?" फाटकावरच्या चौकीदाराने विचारलं. "सोडू का?"

"सोडू नका," जीवन म्हणाला. आवाज चढवून नाही, अगदी सरळ. "जित्ता मानूस इतका थंडा असते का? पानी मारून आलो मी. ताप दाबला असंन. विचारा मिस्त्रीले."

रांगेतले हसायचे थांबले. चौकीदार एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहू लागला. रंगरावला पुष्कळ बोलायचं होतं. गेल्या सहा महिन्यांत त्याने ते मनात किती वेळा जुळवलं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच.

"काही नाही त्याले. सोडा."

"हे तवा म्हनाले असते तं," जीवन म्हणाला आणि जाऊन टेंपोत बसला.

टेंपो सुरू झाला. फाटक अरुंद होतं, रंगराव भिंतीला चिकटून उभा राहिला. केबिनची डावी खिडकी त्याच्यापासून हातभर अंतरावर आली. फहीम समोर बघत होता. रंगरावने कॅमेरा बगलेत धरला आणि दोन्ही हात जोडले. फहीमने मान वळवली नाही, रागानेही नाही. हात जोडणारा माणूस त्याच्या डाव्या बाजूला उभा होता, आणि त्या बाजूचं त्याला आता काहीच दिसत नव्हतं.

टेंपो आत गेला. मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि चौकीदार म्हणाला, "मिस्त्री, पुढचा घ्या."